‘पासआऊट’ म्हणजे नेमके कोण?

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची माहिती संकलित करण्याकरिता जो छापील अर्ज सर्वत्र पाठविण्यात आला, त्यात नाव, पत्ता, सध्याचा व्यवसाय आणि भ्रमणध्वनी क्रमांक यांच्या सोबतीला ‘पासआऊट वर्ष’ असा एक रकाना आहे. संपूर्ण अर्ज मराठीत आहे. हा एक शब्द तेवढा इंग्रजी. तो इंग्रजी आहे हे अर्ज लिहिणाऱ्याच्या, छापणाऱ्याच्या वा भरणाऱ्याच्या लक्षातही आले नसावे, इतका तो आपल्या अंगवळणी पडला आहे. स्नेहमेळाव्यात आपले माजी विद्यार्थी एकमेकांना भेटतात तेव्हा जयभीम झाल्यावर पहिला प्रश्न हाच असतो : “कोणत्या सालचा पासआऊट?” मी इतिहासाचा विद्यार्थी, भाषाशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि कागदपत्रात आलेला शब्द कोठून आला, तो काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, हे तपासण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकाला लागलेली असते. त्या सवयीपोटी या एका रकान्याविषयी काही लिहावेसे वाटते.

इंग्रजी भाषेची एक मोठी गंमत अशी की, ती एखादे साधे क्रियापद घेते, त्याच्या शेपटाला एक इवलेसे अव्यय जोडते आणि त्यातून असा अर्थ निर्माण करते, जो त्या दोहोंपैकी कशातच नसतो. ‘पास’ म्हणजे पुढे जाणे, ओलांडणे. त्याला ‘अवे’ जोडले की माणूस निधन पावतो. ‘ओव्हर’ जोडले की कोणीतरी डावलला जातो. पदोन्नतीच्या वेळी आपल्यातील अनेकांनी हा अर्थ शब्दकोश न उघडताच शिकून घेतला आहे. ‘ऑन’ जोडले की हातातील वस्तू पुढच्याच्या हाती सोपविली जाते. आणि ‘आऊट’ जोडले की? इथे खरी पंचाईत आहे. लंडन वा न्यूयॉर्कमधील माणसाला “मी २००४ साली पासआऊट झालो” असे इंग्रजीतून सांगितले, तर तो गोंधळून आपल्या प्रकृतीची चौकशी करील. कारण त्याच्या बोलण्यात या शब्दाचा पहिला अर्थ शुद्ध हरपणे, भोवळ येऊन पडणे असा आहे. दुसरा अर्थ वाटप करणे. शिक्षक वर्गात प्रश्नपत्रिका वाटतो, तेव्हा अमेरिकेतील मुले हेच क्रियापद वापरतात. तिसरा अर्थ लष्करातला : प्रशिक्षण पूर्ण करून रीतसर बाहेर पडणे. आपला अर्थ या तिसऱ्याच्या जवळचा आहे. पण शाळा-महाविद्यालयातून परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या सर्वांना सरसकट ‘पासआऊट’ म्हणण्याची रीत मुख्यतः आपल्याकडचीच.

इंग्रजीच्या काही काटेकोर शिक्षकांना हा प्रयोग खटकतो. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना ते बजावतात, “पासआऊट म्हणू नका, ग्रॅज्युएटेड म्हणा.” मुलाखतीपुरता हा सल्ला योग्यच आहे आणि आपल्या मुलांनी तो पाळावा. परंतु या शब्दाबद्दल लाजण्याचे कारण मला दिसत नाही. लष्करी छावणी आणि शाळा यांचे आपल्या समाजाच्या इतिहासात जे नाते आहे, ते ध्यानात घेतले तर हा शब्द आपल्या तोंडी शोभतोच. सुभेदार रामजी सपकाळ हे लष्करी शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. गावातील शाळा ज्यांना दाराबाहेर बसवीत होती, त्यांच्या मुलांना छावणीतील शाळेने अक्षरे दिली. पुढे महारांची भरती बंद झाली, ती पहिल्या महायुद्धात काही काळ उघडली, पुन्हा मिटली, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आजही या परिसरातील कितीतरी घरांच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांखाली मुलाचे ‘पासिंग आऊट परेड’चे छायाचित्र लावलेले दिसेल. अशा घरातल्या धाकट्या बहिणीने दहावी झाल्यावर स्वतःला ‘पासआऊट’ म्हटले, तर तिने इंग्रजी बिघडवली असे मी म्हणणार नाही. आणि परकी भाषा आपण आपल्या पद्धतीने वापरली हे काही पहिल्यांदा घडत नाही. ‘नापास’ हा शब्दच पाहा : धड इंग्रजी आणि शिर फारसी वळणाचे. तरीही त्याच्याइतका अस्सल मराठी शब्द, निदान निकालाच्या दिवशी तरी, दुसरा नसतो.

तेव्हा हा शब्द इंग्रजी आहे, चुकीचा आहे, म्हणून तो काढा, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे त्यातील ‘आऊट’विषयी आहे. हा ‘आऊट’ आपल्या शाळेच्या अर्जावर एकटाच आलेला नाही. त्याचा एक जुळा भाऊ आहे आणि त्याला या स्मरणिकेत कोठेही जागा नाही. तो म्हणजे ‘ड्रॉप आऊट’.

दोन्ही शब्दांत मूल शाळेबाहेर जाते. एकात उत्तीर्ण होऊन, दुसऱ्यात मध्येच. शासकीय मराठीत या दुसऱ्या प्रकाराला ‘गळती’ म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम योजला असेल, त्याने छपराची किंवा पोत्याची कल्पना केली असावी. छप्पर गळते, पोते गळते. त्यात पाण्याच्या थेंबाला किंवा धानाच्या दाण्याला कोणी काही विचारत नाही. झाडाचे पान गळते तेव्हा तर तो निसर्गक्रमच असतो. म्हणून गळतीचे प्रमाण कमी-जास्त होते, गळतीची टक्केवारी निघते, परंतु गळती कोणी केली हे वाक्यच मराठीत नीट उभे राहत नाही. इंग्रजी शब्द दुसऱ्या टोकाला जातो. तिथे मूल हा कर्ता आहे. त्याने स्वतः शाळा टाकली, अशी त्या क्रियापदाची घडण आहे. एका भाषेत मूल म्हणजे निर्जीव दाणा, तर दुसऱ्या भाषेत आपल्या मर्जीने चालता झालेला स्वतंत्र इसम. वास्तवात या दोन्हींपैकी काहीच घडलेले नसते.

आपल्या लोकांची बोली याबाबत सरकारी शब्दांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. आपल्याकडे ‘शाळा सोडली’ आणि ‘शाळा सुटली’ यांत भेद केला जातो. सोडली म्हणजे स्वतः. सुटली म्हणजे हातातून निसटली. दोर सुटतो तशी, गाडी सुटते तशी. एखादी आई सांगते, “बाप वारला अन् पोराची शाळा सुटली.” तिच्या या वाक्यात मुलावर दोष नाही आणि मूल निर्जीवही नाही. तिसरे क्रियापद आहे ‘शाळेतून काढले’. तिथे काढणारा कोणीतरी असतो आणि तो बहुधा वाक्याच्या आडोशाला उभा असतो. ‘नाव काढणे’ या मराठी वाक्प्रचाराची व्याप्ती तर कोणत्याही इंग्रजी क्रियापदाला मागे टाकील. एक मुलगा शिकून मोठा झाला, त्याने शाळेचे नाव काढले. दुसऱ्याचे शाळेतून नाव काढले. आणि त्या दुसऱ्याने घरी पुन्हा कधी शाळेचे नाव काढले नाही. तिन्ही मुले एकाच बाकावर बसलेली असू शकतात. स्मरणिकेत आपण पहिल्याची छायाचित्रे छापतो.

शाळेच्या कार्यालयातील कपाटात जी नोंदवही असते, तिला आपल्या विदर्भात जुन्या शाळांमधून ‘दाखल-खारीज रजिस्टर’ म्हणण्याची पद्धत आहे. हे दोन्ही शब्द अरबी-फारसी कारभारी परंपरेतून आलेले. दाखल म्हणजे आत आलेला, खारीज म्हणजे बाहेर गेलेला. इंग्रजांच्या ‘इन’ आणि ‘आऊट’च्या आधीपासून आपली दफ्तरे माणसांची मोजदाद आत आणि बाहेर अशीच करीत आली आहेत. गंमत अशी की शाळेतून बाहेर पडताना जो कागद मिळतो त्यालाही आपण ‘दाखला’च म्हणतो, बाहेर पडल्याचा पुरावा, पण नाव आत येण्याचे. या नोंदवहीत ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. माझ्या नोकरीच्या काळात, निरनिराळ्या शाळांत, मी तो रकाना पुष्कळ वाचला आहे. त्यात साधारणपणे तीन-चारच कारणे आलटून-पालटून येतात : ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘सतत गैरहजर’, ‘घरगुती अडचण’, ‘स्थलांतर’. हजेरीपत्रकावर तर तेवढेही नसते. नावावर तांबडी रेघ आणि पुढे एकच शब्द : ‘लेफ्ट’.

या ‘पालकांच्या विनंती’त काय काय मावते, हे एकोडी आणि साकोलीच्या परिसरात राहणाऱ्याला सांगावे लागू नये. आपला जिल्हा धानाचा. पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी, या दोन हंगामांत घरातील प्रत्येक हात मोलाचा असतो. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. ज्यांच्याकडे जमीन नाही आणि मजुरी वर्षभर पुरत नाही, ती कुटुंबे वीटभट्टीवर किंवा शहरातील बांधकामावर जातात. मूल वसतिगृहात सुरक्षित असले तरी लहान भावंडाला सांभाळायला थोरलीला बोलावले जाते. दिवाळीच्या सुट्टीला गेलेली मुलगी परत येत नाही. चौकशी करावी तर कळते की, तिचे लग्न जुळले. नोंदवहीत लिहिले जाते, पालकांच्या विनंतीवरून. हे लिहिणारा लिपिक खोटे लिहीत नाही. पालक आले होते, त्यांनी विनंती केली होती आणि त्यावर त्यांची सही वा अंगठा आहे. परंतु ज्या दिवशी ती नोंद झाली, त्या दिवशी त्या मुलीला कोणी काही विचारले होते काय, हे त्या रकान्यातून कधीच समजत नाही.

‘का सोडले?’ हा प्रश्न गौण मानून पुढे जाण्याची सोय आपल्याला नाही. आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत आणि बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या महाग्रंथाची उभारणी याच प्रश्नावर केली आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिलाच प्रश्न सिद्धार्थाने गृहत्याग का केला, हा आहे. परंपरेने दिलेले उत्तर आपण सर्व लहानपणापासून ऐकत आलो : रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून त्याला वैराग्य आले. बाबासाहेबांनी हे उत्तर तर्कावर घासून पाहिले. रोज शेकड्यांनी घडणाऱ्या या गोष्टी एकोणतीस वर्षांच्या तरुणाने त्यापूर्वी कधी पाहिल्याच नाहीत, हे त्यांना पटले नाही. मग त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला. बहुमताविरुद्ध जाणाऱ्याच्या कुटुंबावर बहिष्कार पडू शकत होता, त्यांच्या जमिनी जप्त होऊ शकत होत्या. आपल्या माणसांवर ते संकट येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. ज्या बाहेर जाण्याला परंपरेने ‘महाभिनिष्क्रमण’ असे भव्य नाव दिले, त्याच्यामागे सभा होती, ठराव होता, शेतीचे पाणी होते आणि जप्तीची धमकी होती, हे बाबासाहेबांनी दाखविले. राजपुत्राच्या बाहेर पडण्याचे इतके बारकाईने कारण शोधणाऱ्या गुरूची आपण लेकरे. आपल्या वसतिगृहातून निघून गेलेल्या पोरीच्या नावापुढे ‘लेफ्ट’ लिहून आपण पान उलटतो.

स्वतः बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास आटोपून ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्या वर्षी कोणी लंडनच्या नोंदवहीवर नजर फिरविली असती, तर भीमराव आंबेडकर या नावापुढे काय शेरा दिसला असता? आजच्या शासकीय भाषेत ती एक गळतीच होती. तेथून ते बडोद्यास नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक गोष्ट मिळवून ठेवली होती : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. ही त्यानंतरची गोष्ट आपण दरवर्षी १४ एप्रिलला सांगतो. त्यातील चार वर्षांच्या परवानगीचा भाग मात्र भाषणातून वगळला जातो. मला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेबांची बुद्धी, चिकाटी, अठरा-अठरा तास अभ्यास हे सर्व खरेच. पण त्या बुद्धीला परत येण्यासाठी कोणीतरी एक दार कायद्याने उघडे ठेवले होते.

आता दार उघडे ठेवण्याचीच गोष्ट निघाली आहे, म्हणून एका वेगळ्या कागदाकडे वळतो. आपल्यापैकी ज्यांनी स्वतःच्या वा मुलांच्या जातप्रमाणपत्रासाठी आणि पडताळणीसाठी धावपळ केली आहे, त्यांना १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाठ झालेली असेल. अनुसूचित जातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवसाचा. त्यापूर्वीचा, घराण्यातील कोणाच्या तरी जातीची व वास्तव्याची नोंद असलेला पुरावा मागितला जातो. १९५६ च्या दीक्षेनंतर आपण बौद्ध झालो. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, तेव्हाही मूळ जातीची जुनी नोंद दाखविणे चुकले नाही. असा पुरावा भूमिहीनांच्या घरी कोठून असणार? सातबारा नाही, खरेदीखत नाही. मग नातवंडे आजोबांच्या गावच्या प्राथमिक शाळेत जातात आणि मध्यप्रांताच्या काळातील जीर्ण दाखल-खारीज रजिस्टर उघडून देण्याची विनवणी करतात. त्यात कोठेतरी एक ओळ सापडते : अमुक वल्द तमुक, जात महार, इयत्ता पहिली, दाखल तारीख, आणि वर्ष-दोन वर्षांनी खारीज तारीख. कारण : गैरहजर.

या ओळीचा अर्थ शांतपणे लक्षात घ्यावा. ज्या आजोबांची शाळा दुसरीतच सुटली, ज्यांना आयुष्यभर ‘अडाणी’ म्हटले गेले, कदाचित त्यांनी स्वतःही स्वतःला तसेच म्हटले असेल, त्यांच्या त्या एका अपुऱ्या नोंदीवर नातवाची वैद्यकीय महाविद्यालयातील जागा, नातीची नोकरी, गावच्या सरपंचपदाची उमेदवारी उभी आहे. ते उत्तीर्ण झाले म्हणून ही नोंद मोलाची ठरली नाही. ते कोणा बापाच्या वा काकाच्या हट्टाने एके दिवशी शाळेच्या आत आले आणि मास्तरांनी त्यांचे नाव लिहून घेतले, एवढ्यासाठी ती मोलाची ठरली. सत्तर-ऐंशी वर्षांनंतर न्याय मिळाला तो ‘दाखल’ या रकान्यामुळे. ‘खारीज’ हा रकाना कोणत्याही समितीसमोर कोणाला अडवीत नाही.

मग आपण आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी ठरविताना उलटी मोजणी का करतो? ‘पासआऊट वर्ष’ लिहिता येईल तोच माजी विद्यार्थी, असा नियम कोणी केलेला नाही. पण अर्जाने तो आपोआप केला. सातवीत शाळा सुटलेला एखादा माणूस, जो आज साकोलीच्या बाजारात दुकान चालवितो किंवा नागपुरात मिस्त्रीकाम करतो, त्याच्या हाती हा अर्ज पडला तर त्या रकान्यापाशी येऊन त्याचा हात थांबेल. तो अर्ज घडी घालून खिशात ठेवील आणि मेळाव्याला येणार नाही. आपण म्हणू, प्रतिसाद कमी मिळाला.

आपल्या समाजाला या बाबतीत तरी ‘आऊट’ शब्दाविषयी सावध असायला हवे. गावाच्या वेशीबाहेर वस्ती, देवळाबाहेर पायरी, वर्गाबाहेर तरट, हा आपला ‘आऊट’ होता. ज्या इंग्रजी शब्दाने आपल्याला शंभर वर्षांपूर्वी ओळखले जाई, त्या ‘आऊटकास्ट’ शब्दाच्या पोटात ‘कास्ट आऊट’ म्हणजे बाहेर फेकणे हेच क्रियापद आहे. बाबासाहेबांनी तेच वास्तव मराठीत ‘बहिष्कृत’ या शब्दाने मांडले आणि तो शब्द लपविण्याऐवजी आपल्या संस्थेच्या दारावर लावला. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ ही ती दोन दारे. त्या सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढणे हे होते, ही गोष्ट निवासी शाळेत वाढलेल्या आपणा सर्वांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. बहिष्कृतांची सभा आणि तिचे वसतिगृह : ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्यासाठी एक ‘आत’ निर्माण करणे, हाच त्या कामाचा आशय होता. शासन आज ‘शाळाबाह्य’ असा शब्द वापरते. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले, आम्ही शिक्षक घरोघरी हिंडलो, मुलांच्या बोटांना शाई लावली. शाळाबाह्य आणि बहिष्कृत या दोन शब्दांतील ‘बाह्य’ आणि ‘बहिः’ एकाच मुळातले आहेत, हे त्या दिवशी शाई लावताना अनेकदा मनात येऊन गेले.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे समाजाचे हितचिंतकच आहेत. ते म्हणतात, स्मरणिका ही प्रेरणेसाठी असते. अधिकारी, डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक झालेल्यांची नावे वाचून मुलांना उभारी येते, तिथे शाळा सुटलेल्यांची यादी कशाला? आक्षेप पोकळ नाही. एकेकाळी आपल्या वस्त्यांत ‘सातवी फायनल पास’ झालेल्या मनुष्याच्या नावाने पुढच्या पिढीतील दहाजण शाळेत गेले आहेत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या सत्काराचे पुढे काय झाले, हे आपण दीक्षाभूमीवर पाहिले. सत्कार व्हावेत, छायाचित्रे छापावीत, त्यात हात आखडता घेऊ नये. परंतु वसतिगृहात आज राहणाऱ्या सहावीतल्या मुलाला, ज्याच्या घरून पुढच्या हंगामात बोलावणे येण्याची शक्यता आहे, केवळ जिल्हाधिकाऱ्याचे छायाचित्र पुरेसे नाही. ज्याची शाळा सुटली आणि जो पुन्हा आला, अशा माणसाला त्याने प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून, दिवसा काम करून, खासगीरीत्या दहावी झालेली माणसे आपल्या परिसरात आहेत. त्यांपैकी काहींचा मूळ दाखला आपल्याच शाळेच्या सहीचा असेल. त्यांना व्यासपीठावर बोलावले गेल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसरी अडचण मला स्वतःलाच अधिक विचार करायला लावणारी वाटते. नववीत लग्न होऊन गेलेल्या स्त्रीला आपले नाव अशा यादीत छापलेले आवडेल काय? तिच्या सासरी, तिच्या मुलांना ती हकीकत ठाऊक असेल काय? म्हणून नोंदवहीतील कारणे छापावीत, असे मी मुळीच म्हणत नाही. कारण हा ज्याचा-त्याचा खासगी इतिहास आहे आणि तो सांगण्याचा अधिकार फक्त त्या व्यक्तीचा. नाव छापण्यापूर्वीही विचारावे. निमंत्रण मात्र विचारण्याची वाट न पाहता जावे.

यासाठी करावयाचे काम फार मोठे नाही. पुढील अर्ज छापखान्यात जाईल तेव्हा ‘पासआऊट वर्ष’ या रकान्याच्या जागी ‘शाळेत दाखल झाल्याचे वर्ष’ आणि ‘शाळेत शिकलेल्या इयत्ता’ असे दोन रकाने करावेत. माजी विद्यार्थी मंडळाचे सदस्यत्व दाखल झालेल्या प्रत्येकास खुले आहे, हे एका ओळीत अर्जावरच छापावे. मेळाव्याची निमंत्रणे दहावीच्या निकालपत्रकांवरून न काढता प्रवेशाच्या नोंदवहीवरून काढावीत. जुने पत्ते बदलले असतील, पण त्या-त्या गावच्या बुद्धविहारात वा बौद्ध पंच कमिटीकडे विचारले तर आपल्या जिल्ह्यात माणूस सापडत नाही असे सहसा होत नाही. ज्यांना सतरा नंबरचा अर्ज भरावयाचा असेल, त्यांच्या दाखल्याच्या मागणीसाठी कार्यालयात एक दिवस ठरवून द्यावा, म्हणजे मजुरी बुडवून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. ‘पासआऊट’चा तो अमेरिकेतला वाटपाचा अर्थ मला आवडतो, मंडळाने यंदाच्या वह्या-पुस्तकांच्या वाटपातील थोडी रक्कम या परीक्षार्थींच्या शुल्काकडे वळविली, तर बरे होईल.

सुरुवात मात्र नोंदवह्यांपासून व्हावी. आपल्या जुन्या नोंदवह्यांची सुरुवातीची पाने कडेने ठिसूळ झाली आहेत, निळी शाई फिकटली आहे आणि काही नावे भिंगाखेरीज वाचता येत नाहीत. पुढेमागे कोणाच्या तरी नातवंडांना याच पानांची गरज पडणार आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचे पानन्‌पान छायांकन करून नावांची सूची तयार व्हावी. त्याकरिता संगणकाचे जुजबी ज्ञान असलेले दोन-तीन माजी विद्यार्थी आठवडाभर एकोडीला येऊन राहू शकतील काय? सुट्टीत वसतिगृह रिकामे असते; निवासाची आणि जेवणाची व्यवस्था आम्ही शिक्षक करू.